रोशनीचा विषय

शिष्यवृत्तीच्या निबंधासाठी मुलांना त्यांच्याच आयुष्यातला विषय शोधून देणाऱ्या नंदिनीताईंना रोशनीने कोणालाच न सांगितलेलं सांगितलं होतं. "त्या दिवशी मोहफुलं वेचाले माहा नंबर होता. मी तापाचं सोंग केलं, म्हणून आई गेली. वाघानं नेलं तिले. पण हे मी लिवत नाई, ताई. बाबाले माहीत नाई."

"नको लिहूस," म्हणत ताईंनी वही मिटली होती.

आज मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या रोशनीला आतून ताईंच्याच दुसऱ्या विद्यार्थिनीचा, डिंपलचा, भरून आलेला आवाज ऐकू आला. "मी तापाचं सोंग केलं, आणि वाघाने आईला नेलं."

शेजारी बसलेल्या डिंपलच्या आईने डबा उघडून रोशनीपुढे धरला.

"घे पोरी. तुह्या आईनं सोबत काई देलं नाई काय?"