मूठभर रुई

दिग्रसच्या जिनिंग फॅक्टरीला लागूनच अनवरीबीचं घर. नवरा आडवा झाला की त्याला धाप लागायची. बिचारा बसूनच झोपायचा. तिच्या अर्जावरून हवा तपासायला सरकारी साहेब आले, तेव्हा फॅक्टरीचे शेठ छाती ठोकून म्हणाले, "आमच्या रुईचा एक तंतू भिंतीबाहेर जात नाही!"

अनवरीबी पिंजाऱ्याची लेक, ऐकून घेते थोडीच! तिनं घरातून उशी आणली, टर्रकन उसवली अन् मूठभर रुई शेठच्या हातावर ठेवली.

शेठचा जन्म कापसात गेलेला. चिमटीत चोळताच ते कडाडले, "ही तर आमचीच रुई! कुठून चोरली?"

 

"लिहून घ्या साहेब, शेठजी काय म्हनले ते! मी तं माह्या घराच्या टिनावरून झाडून उशीत भरली."