एकही बिघाड नाही

परदेशातून घेतलेल्या जुन्या लढाऊ विमानाच्या वहीत अकरा वर्षांत एकाही बिघाडाची नोंद नव्हती. तरीही उड्डाणाआधीच्या तपासणीत भातकुलीचा तंत्रज्ञ सहदेव सही करेना.

"एकही बिघाड नाही, मग सही का अडवलीत?" जुईलीनं विचारलं. ती अमरावतीची वैमानिक. पहिलं उड्डाण तिचंच होतं.

"म्हणूनच त मले शंका येऊन राहिली, मॅडम. आमच्या वावरातली मोटर बी अकरा वर्षांत चारदा जळली."

साहेबांची बोलणी खात त्यानं दोन दिवस एकेक झाकण उघडलं. पंखाच्या आत परक्या लिपीत पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं दिसलं. जुईलीनं मोबाइलवर त्याचं भाषांतर वाचलं.


"माझ्याकडून दमदाटीनं सही घेतली. तुम्ही करू नका."