काढलेला पार्ट

बॉनेट उघडं होतं आणि इंजिन थरथरत होतं. दोन ठोके बरे पडायचे, मग गचका, मग कार्ब्युरेटरमधून फट्ट असा आवाज. ठाकुर्लीच्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार पस्तीस वर्षांहून जुनी होती. इतकं वाईट चालताना रत्नदीपने तिला कधीच पाहिलं नव्हतं.

"मिसिंग आहे," गुरव सर म्हणाले. "रविवारी चारही प्लग नवे घातले, पॉइंट साफ केले. तरी आयडलला टिकत नाही. तू बघ."

ते 'तू बघ' रत्नदीपला ऐकवेना. आयटीआयमध्ये ज्यांनी त्याच्या हातात पहिला पाना दिला, त्यांनी स्वतःच्या गाडीला दुसऱ्याचा हात लागू द्यावा, हेच त्याला पटत नव्हतं. शीळफाट्याचं गॅरेज अर्धा दिवस बंद ठेवून तो आला होता, तोही सरांच्या मुलीचा फोन आला म्हणून.

वैशाली जिन्याच्या पायरीवर उभी होती. मघाशी गेटवरच तिने त्याला गाठलं होतं. "दादा, भाऊ बोलतोय गाडी विकून टाकू, बाबांना आता चालवायला द्यायला नको. मी बोलले, आधी रत्नदीपदादा बघतील. बिघाड गाडीत असेल तर राहू दे गाडी. नसेल तर मला सरळ सांगा."

रत्नदीपने पेट्रोल येतंय का ते बघितलं, पॉइंटची फट मोजली. सगळं चोख. शेवटी सरांचा हात तो, त्यात खोट कशी निघेल, असं वाटून त्याला बरंही वाटलं. मग इंजिन चालू ठेवून तो पकडीने एकेका प्लगची वायर काढून बघू लागला. पहिली काढली, इंजिन आणखी बसलं. म्हणजे एक नंबर काम करतोय. तिसरी काढली, बंद पडता पडता राहिलं. दुसरी काढली. काही फरक नाही. चौथी काढली, तरीही नाही.

त्याने इंजिन बंद केलं आणि प्लगपासून ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपर्यंत एकेक वायर बोटाने मागे नेऊन बघितली. दोनची वायर चारच्या जागी खोचलेली होती, चारची दोनच्या.

एक, तीन, चार, दोन. चार सिलिंडर पेटण्याचा या इंजिनाचा क्रम. सर तो फळ्यावर लिहीत नसत. चार पोरांना रांगेत उभं करून त्याच क्रमाने उठाबशा काढायला लावायचे आणि एक चुकला की सगळ्यांना पहिल्यापासून. रत्नदीप दुसरा उभा असायचा, म्हणून त्याची पाळी शेवटी. गुडघ्यांची वाट लागायची, पण त्या वर्कशॉपमधून बाहेर पडलेला कोणी हा क्रम विसरला नाही.

"सर, मधे कोणी हात लावलेला का गाडीला?" कोणीतरी लावलेला असू दे, असं त्याला मनापासून वाटत होतं. वॉचमनने, वैशालीच्या भावाने, कोणीही.

"माझ्या गाडीला?" सर हसले. "मी कोणाला हात लावू देतो का रे?"

रत्नदीपने दोन्ही वायरी आपापल्या जागी लावल्या आणि चावी फिरवली. इंजिन लगेच लागलं आणि शिलाई मशीनसारखं एका लयीत चालत राहिलं. सरांनी डोळे मिटून मिनिटभर ऐकलं. मग उजवा तळवा पुढे केला.

"पार्ट?"

सरांच्या हाताखालून गेलेले सगळे हा नियम पाळत. बिघडलेला पार्ट मालकाच्या हातात द्यायचा, काय झालं होतं ते सांगायचं आणि मगच चावी परत करायची. आज काढलेलं काहीच नव्हतं.

रत्नदीपने पिशवीत हात घातला. तळाशी त्याच्या स्कूटरचा जुना प्लग पडला होता. काजळीने काळाकुट्ट झालेला, वेगळ्या मापाचा. एके काळी सर नुसता अंगठा फिरवून प्लग कुठल्या गाडीचा ते सांगायचे. त्याने तो त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि वाट बघत राहिला. मूर्खा, हा स्कूटरचा आहे, असं म्हणून सरांनी तो अंगावर फेकावा, एवढंच त्याला हवं होतं.

सरांनी प्लग उजेडात धरला. अंगठा फिरवला.

"वाटलंच मला," ते म्हणाले. "रविवारी घातले त्यातलाच एक खराब निघाला. हल्ली नव्या मालाचा भरवसा राहिला नाही." आणि प्लग रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवला.

"म्हणजे गाडीतच होता बिघाड," वैशाली पायरी उतरत म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. "हो ना, दादा?"

रत्नदीपने इंजिन बंद करून चावी काढली. सरांचा तळवा पुन्हा पुढे आलेला होता, मधोमध काजळीचा डाग. त्याच्याकडे न बघता तो दोन पावलं पुढे गेला आणि चावी वैशालीच्या हातात ठेवली. त्याचा चेहरा बघून तिने मूठ मिटली.

"अरे रत्नदीप," मागून सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, वर्गातल्यासारखी समजूत होती. "चावी मालकाच्या हातात द्यायची असते. विसरलास?"