पाच टक्के

“चांगू, बॅटरीत पाचच टक्के उरलेत. मला बंद कर, नाहीतर बंदर गाठणार नाहीस.”

वर्षापूर्वी वारलेल्या पद्माकरचं मन होडीच्या यंत्रात जगत होतं. वीज तोडली की ते कायमचं पुसलं जाणार होतं.

“आभाळ उघडेल, सोलर चालेल. थांबा की जरा,” चांगुणा म्हणाली.

“वारा बघ कसा फिरलाय. पोरीला आई तरी राहू दे.”

तिने डोळे मिटून बटण दाबलं.

धक्क्यावर दिराने बॅटरीला मीटर लावला. “वहिनी, अजून चाळीस टक्के आहेत की!”

चांगुणाने मीटर हातात घेऊन आकडा पुन्हा पाहिला. खलाशांनी वेळेत माघारी फिरावं म्हणून पद्माकर आकडा नेहमी कमीच सांगायचा. मरूनही त्याची ती सवय सुटली नव्हती, आणि नेमक्या वेळी तिला ती आठवली नव्हती.