पर्यटनाचा हेतू

"हसा. जरा मोकळं हसा. घरच्यांना बोलावताय, परीक्षेचा निकाल सांगत नाही आहात," कॅमेरावाला म्हणाला.

विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात ती ताठ बसली होती. पाठीमागे तळ्याचं भिंतभर चित्र. 'हा देश पर्यटनासाठी कसा वाटतो?' ह्या पाहणीत तिनं महिन्यापूर्वी दहापैकी दहा गुण दिले होते. म्हणून पर्यटनाच्या जाहिरातीसाठी तिची निवड झाली होती. पण आज सकाळी पत्र आलं. आईबाबांचा पर्यटक व्हिसा नाकारला होता. कारण एका ओळीचं: पर्यटनाचा हेतू पटत नाही.

तीन वर्षं तिनं त्यांना फोनच्या चौकटीत पाहिलं होतं. आईचे केस त्या चौकटीतच पांढरे झाले. दहा दिवसांचा बेत तिनं आखून धाडला होता. तळं, किल्ला, संग्रहालय. आणि बाबांच्या गुडघ्यांना झेपतील एवढ्याच पायऱ्या.

"म्हणा, 'आईबाबा, हा सुंदर देश पाहायला या!'" कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी सुचवलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "या म्हणू? कुठून येतील? इकडे तुम्ही पायघड्या घालता आणि दाराला आतून कडी लावता!"

"ते खातं वेगळं," बाई शांतपणे म्हणाल्या. "अर्जातच काही चुकलं असेल."

"माझ्या बाबांच्या हातून? कचेरीबाहेर टेबल टाकून चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिलेत त्यांनी. काना-मात्रेची चूक दाखवा!" आणि सर्वांसमक्ष तिनं घरी फोन लावला. "बाबा, 'काय पाहणार' ह्या रकान्यात माझी यादी उतरवलीत ना?"

पलीकडे बाबा खाकरले. "यादी फक्कड होती गं. पण खाली सही करायची होती, वरचं सगळं खरं आहे म्हणून. तुझी आई म्हणाली, त्या तळ्याचं मला मेलं काय कौतुक? आणि मलाही किल्ल्याशी काय देणंघेणं? जन्मभर खोट्याखाली सही केली नाही, आता म्हातारपणी कशाला?"

"मग लिहिलंत तरी काय?"

"जे पाहायला येणार होतो तेच. मुलगी."