सात मुली आणि बाईंची जिप्सी

पुलावर ट्रक आडवा झाला होता आणि तालुक्याचा कबड्डीचा अंतिम सामना पाऊण तासावर आला होता. रेवतीबाईंच्या जिप्सीत दाटीवाटीने बसलेल्या सातही मुली माना उंचावून पुढे बघू लागल्या.

“बाई, आता हो?” कर्णधार मंजुळाने विचारलं.

ही पस्तीस वर्षांची खडखडती जिप्सी चालवत बाई रोज घाट चढून शाळेत येत. “भंगारात द्या की आता,” असं मुख्याध्यापकसुद्धा म्हणत. बाई नुसत्या हसत.

“नदीतून जाऊ. पाणी गुडघाभरच आहे. घट्ट धरा,” म्हणत त्यांनी फोर-व्हीलचा दांडा ओढला आणि गाडी गोट्यांवरून खाली उतरवली. मधोमध चाकं जागच्या जागी फिरू लागली. पाणी पायाशी आलं. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. बाईंनी गाडी जराशी मागे घेतली, पुन्हा हळूच ॲक्सिलरेटर दाबला, आणि जिप्सी गुरगुरत पलीकडचा चढ चढून गेली. मुलींनी एकच गलका केला.

सामन्याची वेळ टळून गेली होती. मैदानावर पंच समोरच्या संघाला विजयी जाहीर करणार, तोच मंजुळा गाडीतूनच ओरडली, “थांबा! आम्ही आलोय!”

ओल्या पायांनीच त्या मैदानात उतरल्या आणि शेवटच्या चढाईत मंजुळाने दोन गडी बाद करून सामना जिंकला.

चषक देताना पाहुण्यांनी विचारलं, “रस्ता बंद होता ना? मग आलात कशा?”

मंजुळाने चषक डोक्यावर उचलला. “रस्ता तुमच्यासाठी बंद होता, साहेब. आमच्या बाईंसाठी नव्हता!”