माथ्यावरचा दिवा

झेंडूच्या फुलांचा थरांचा मनोरा, गावाकडच्या सणाची बतकम्मा, रचून झाली, तसा पोशम्मानं तिच्या माथ्यावर नवऱ्याचा खाणीतला दिवा ठेवला. कोळसा खोदायला तेलंगणातून आलेला तो माणूस पाणी शिरलेल्या खाणीतून परत आलाच नाही. पाणी उपसल्यावर बुडालेल्या साऱ्यांचे हाती लागले ते नुसते दिवे. त्या वर्षी चाळीतल्या सगळ्या विधवांनी ते आपापल्या फुलांवर ठेवले होते.

आता खाण बंद पडली, पण सण अख्ख्या शहराचा झाला. मैदानात पोरींनी फुलांवर प्लास्टिकचे दिवे लावले होते. माईकवरून कुणी गर्जत होतं, "ही आपल्या मातीतली पुरातन परंपरा!"

फेरात शिरणाऱ्या पोशम्माचं तेलुगू वळणाचं मराठी ऐकून एकीनं कौतुकानं विचारलं, "आजी, तुमच्यातही असा दिवा ठेवतात?"

"नव्हतो ठेवत, बाई," पोशम्मा म्हणाली. "खाणीत पाणी शिरेपर्यंत."